गोठ्यात खंगलेली जनावरं आणि 'अदखलपात्र आहे' हे उत्तर: पहिल्या भेटीत निरीक्षकाने नेमकं काय करायचं?

नवी_निरीक्षक यांचा प्रश्न

जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीवर निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आहे. कायद्याची कलमं वाचून झाली. गोठ्यासमोर उभं राहिल्यावर काय करायचं, हे मात्र पुस्तकात सापडत नाही.

हातातली तक्रार अशी आहे. गावाबाहेर वस्तीवर सहा जनावरं: दोन बैल, तीन गाई, एक कालवड. मालक गावात राहतो, दिवसाआड चक्कर मारतो. शेजाऱ्याचं म्हणणं, जनावरांच्या बरगड्या लांबून मोजता येतात आणि एका बैलाच्या मानेत दावं रुतलंय. ठाण्यात विचारलं तर "अदखलपात्र आहे, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतो" असं सांगितलं.

पहिल्या भेटीत काय पाहायचं आणि कसं लिहायचं? जनावरं लगेच उचलायची की मुदत द्यायची? अदखलपात्र म्हणजे पोलीस काहीच करू शकत नाहीत का? शिवाय उसाचा हंगाम तोंडावर आहे. बैलगाड्यांवरच्या जादा भाराच्या तक्रारी येतील, तर वजन कसं सिद्ध करायचं? कृपया तपशिलात सांगा.

---

दावण यांचं उत्तर

ताई, आधी नेमणुकीचा आदेश काढा आणि त्यात कलम ३४ आहे का ते बघा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मधलं हे कलम जनावर तपासणीसाठी ताब्यात घ्यायचा अधिकार देतं, पण तो दोघांनाच: शिपायाच्या वरच्या हुद्द्याच्या पोलिसाला आणि राज्य सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीला. नुसत्या ओळखपत्राने हा अधिकार येत नाही. आदेशात तो नसेल तर तुम्ही पाहू शकता, लिहू शकता, तक्रार देऊ शकता. दावं सोडून जनावर टेम्पोत चढवू शकत नाही. तसं केलंत तर मालक चोरीची तक्रार देईल आणि पुढची सगळी शक्ती त्यातच जाईल.

तक्रारदाराला बांधाचा किंवा वाटणीचा वाद आहे का, हे सरळ विचारा. वाद असला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पण त्याला आणि त्याच्या भावकीतल्या कुणाला पंच करू नका.

एकटीने जाऊ नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी लेखी पत्र द्या आणि शक्यतो त्यांच्यासोबतच जा. वेळ सकाळी सहा ते आठ, म्हणजे वैरण-पाण्याची. दुपारी गव्हाण रिकामी दिसली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मालकाने आत बोलावलं तरच गोठ्यात शिरा आणि ते बोलावणं ऐकू येईल असं चित्रण ठेवा. नाही म्हणाला तर बाहेरच्या रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं टिपा आणि कलम ३३ खाली झडतीचं वॉरंट मागा. कुंपण ओलांडू नका.

आत गेल्यावर नजर आधी जनावरांकडे जाते. तिला थोडं थांबवा आणि गव्हाण बघा. तळाशी कालच्या वैरणीची चिपाडं आहेत की धूळ आणि कोळ्याची जाळी? कोळ्याची जाळी असेल तर कित्येक दिवस तिथे काही पडलेलं नाही. गव्हाणीचं लाकूड, जवळच्या झाडाची साल कुरतडलेली आहे का? शेण किती आणि कसं पडलंय? शेण फारच थोडं असेल तर चारा कमी, कोरडे घट्ट गोळे असतील तर पाणी कमी.

मग हिशेब मांडा. तीनशे किलोच्या जनावराला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे सहा ते साडेसात किलो कोरडा चारा लागतो. कालवडीला कमी धरा. सहा जनावरांना मिळून चाळीस किलोच्या आसपास. गंजीतल्या पाच पेंढ्या ताणकाट्याला लावून सरासरी काढा, पेंढ्या मोजा, किती दिवसांची वैरण आहे ते लिहा. पाणी प्रत्येकी तीस ते पन्नास लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त. गोठ्यात दोनशे लिटरचं एकच पिंप असेल आणि मालक दिवसाआड येत असेल, तर पाणी पुरलेलं नाही हे गुणाकार करूनच दाखवता येतं. "चारा-पाणी अपुरे आढळले" या वाक्यावर उलटतपासणीत वकील दहा प्रश्न विचारतो. आकड्यांवर तेवढे विचारता येत नाहीत.

फोटो लांबून, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून घ्या. जवळच्या फोटोत मोजपट्टी हवीच. सहाही जनावरांचे दोन्ही बाजूंनी, मागून आणि वरून काढा. एखादं जनावर चांगल्या अवस्थेत असेल तर त्याचाही काढा, तो लपवलात तर बाकीच्या फोटोंवरही संशय येतो. कानातला बारा अंकी बिल्ला वाचता येईल असा स्वतंत्र फोटो घ्या. रुतलेलं दावं डॉक्टर येण्याआधी कापू नका. कापल्यावर तो पुरावा गोळा करून, कागदी पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांनी सीलबंद करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं दावं कुजतं.

मालकाशी बोलताना आरोप करू नका, प्रश्न विचारा: शेवटची वैरण कधी, कुठून आणली, पावती आहे का, शेवटचा डॉक्टर कधी आला, जनावरं कुणाच्या नावावर. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. या बोलण्यातूनच कळतं की प्रश्न ऐपतीचा आहे, अज्ञानाचा आहे की बेफिकिरीचा. म्हाताऱ्या बैलाला विकता येत नाही आणि पोसता येत नाही, अशी अडचण आज बऱ्याच दावणींना आहे. तिथे खटला भरून बैलाच्या पोटात काडीही जात नाही. पांजरपोळाचा पत्ता आणि तिथे नेण्याची सोय लागते. पण गोठ्यातली दुभती म्हैस तुकतुकीत आणि शेजारच्या भाकड गाईचं पोट खपाटीला गेलेलं असेल, तर चारा होता आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवलं गेलं होतं. अशा ठिकाणी मवाळ राहू नका.

परत निघताना बूट धुवा. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे चार टक्क्यांचं द्रावण. लाळ्या खुरकूत एका गोठ्यातून दुसऱ्यात नेणारे पाय तपासणी करणाऱ्यांचेही असतात. रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः आधीच घ्या. चावल्यावर घ्यायच्या सुया वेगळ्या.

---

पशुवैद्य_तालुका यांचं उत्तर

दावण यांनी गोठा सांगितला, मी दाखल्याबद्दल सांगतो. बरीच प्रकरणं "जनावर अशक्त आहे" अशा एका ओळीच्या दाखल्यामुळे पडतात. निरीक्षकाने डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचं, हे निरीक्षकाला माहीत हवं.

सहा जनावरांचे सहा दाखले. प्रत्येकात बिल्ल्याचा क्रमांक, रंग, शिंगं, लिंग आणि दातांवरून वय: दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे दात आलेला). मग शरीरस्थितीचा गुण, गाई-बैलांना १ ते ५. गुण १ म्हणजे कमरेच्या आडव्या हाडांची टोकं धारदार हाताला लागतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खळगा, त्वचेखाली चरबी अजिबात नाही. गुण डोळ्यांनी देऊ नका. हिवाळ्यातले केस लांब असले की पातळ जनावर भरलेलं दिसतं, म्हणून हात लावूनच ठरवायचा. पाण्याची कमतरता पाहायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. निरोगी जनावरात ती दोन सेकंदांच्या आत सपाट होते. किती सेकंद लागले ते लिहा, डोळे खोल गेलेत का तेही लिहा. ताप मोजा, १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास नेहमीचा.

वजनकाटा नसेल तर कापडी टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत, आणि खांद्याच्या टोकापासून बसायच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाजे वजन. घेर ६४ आणि लांबी ५४ असेल तर ३३५ किलो. जनावर सरळ, चारही पायांवर उभं असतानाच मोजा. मान खाली असेल तर आकडा चुकतो.

न्यायालयाला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो "हे किती दिवसांचं आहे" या मताचा. शरीरस्थिती ३ वरून १ वर दोन-चार दिवसांत येत नाही, त्याला आठवडे-महिने लागतात. खूर महिन्याला सुमारे पाच मिलिमीटर वाढतं, त्यामुळे वाकडं वाढलेलं खूर मोजलं की किती महिने छाटणी झालेली नाही याचा अंदाज लिहिता येतो. दावं रुतून त्याभोवती मांस भरून आलं असेल तर ती कालची जखम नाही. जखमेत अळ्या असतील तर काही अळ्या स्पिरिटच्या बाटलीत ठेवा, लांबी मिलिमीटरमध्ये लिहा, त्या दिवसाचं तापमान लिहा. माशीची अंडी साधारण एका दिवसात फुटतात, म्हणून अगदी बारीक अळ्यांवरून सुद्धा जखम किमान किती वेळ उघडी होती ते सांगता येतं.

आता एक चूक, जी डॉक्टरही करतात. पातळ जनावर म्हणजे उपाशी जनावर असं नाही. सहापैकी एकच हडकुळं असेल तर आधी आजार शोधा: जंत, थायलेरिया, जोन्स, क्षय, झिजलेले दात. शेण आणि रक्ताचे नमुने त्याच दिवशी घ्या. सहाही हडकुळी असतील आणि नमुने स्वच्छ आले तर गव्हाणीकडे बोट दाखवता येतं. हे नमुने घेतले नाहीत तर सहा महिन्यांनी साक्षीत "आजार नव्हता कशावरून?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मालकाशी न्याय करायचा तरीही हे लागतंच. आजारी जनावराच्या मालकाला क्रूर ठरवणं हीसुद्धा चूकच आहे.

---

वकील_फौजदारी यांचं उत्तर

ठाण्यातलं उत्तर अर्धं बरोबर आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे कलम ११(१) मधली फक्त तीन उपकलमं, इंग्रजी अक्षरांतली एल, एन आणि ओ, तसंच कलम १२ दखलपात्र. एल म्हणजे अंग छाटणं किंवा अनावश्यक क्रूरपणे मारून टाकणं, एन म्हणजे झुंजींची जागा चालवणं, ओ म्हणजे नेमबाजीसाठी बंदिवासातून सोडलेल्या जनावरांवर गोळ्या झाडण्याच्या स्पर्धा. कलम १२ दूध वाढवण्यासाठी केलेल्या फुंका किंवा इंजेक्शनासारख्या अपायकारक क्रियांचं. उपाशी ठेवणं (एच), मारणं व जादा भार (ए), आखूड किंवा जड साखळी (एफ), कोंबून वाहतूक (डी) ही सगळी अदखलपात्र. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली नोंद घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत.

पण रस्ता तिथे संपत नाही. एनसीची प्रत घ्या आणि त्याच कलमाच्या पोटकलम (२) खाली तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. किंवा त्याच संहितेच्या कलम २२३ खाली थेट तक्रार दाखल करा. नव्या संहितेत आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दखल घेता येत नाही, हे वेळेच्या हिशेबात धरा. एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून तथ्यं नीट पाहा, पण कलमं ओढूनताणून लावू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ (मारणं, विष देणं, निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा) सगळीकडे लावायचा मोह होतो. ते मुळात 'आगळीक' या गुन्ह्याचं रूप आहे, दुसऱ्याचं किंवा जनतेचं नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. मालकाने स्वतःचीच जनावरं उपाशी ठेवली तर ते टिकवणं कठीण. शेजाऱ्याच्या कुत्र्याला विष घातलं तर ते नेमकं लागू होतं.

यापेक्षा महत्त्वाचं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३६: गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. मुदत देत, समजावत, पुन्हा भेट देत नव्वद दिवस कधी निघून जातात ते कळत नाही. पहिल्या भेटीच्या दिवशीच वहीत शेवटची तारीख लाल शाईने लिहा. प्रत्येक फेरभेटीत तीच अवस्था दिसली तर त्या दिवसाचा स्वतंत्र पंचनामा करा, म्हणजे त्या दिवसाचा गुन्हा स्वतंत्र मोजता येतो.

एच उपकलमात "मालक असून" असे शब्द आहेत. म्हणून मालकी सिद्ध करावीच लागते आणि पंचनाम्यानंतर मालक हमखास म्हणतो की जनावरं मेव्हण्याची, मी फक्त सांभाळतो. बारा अंकी बिल्ल्यावरून पशुपालकाची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यातून लेखी मिळवा. अर्धेलीने दिलेली जनावरं असतील तर दोघांचे जबाब घ्या. मालकाने वाजवी देखरेख ठेवली नाही तर तोही दोषी धरला जातो, हे कलम ११(२) मध्ये आहे.

शिक्षा ऐकून खचू नका. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड, तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कित्येक दशकांपूर्वीचे आकडे आहेत आणि ते लाजिरवाणे आहेत. खरी ताकद शिक्षेत नाही, जनावराच्या ताब्यात आहे. २०१७ च्या मुद्देमाल जनावरांच्या नियमांप्रमाणे खटला चालू असेपर्यंत दंडाधिकारी जनावर पांजरपोळात किंवा संस्थेत ठेवू शकतात आणि सांभाळ-उपचारांच्या खर्चासाठी आरोपी व मालकाकडून तीन दिवसांत बंधपत्र मागू शकतात. बंधपत्र दिलं नाही तर जनावरावरचा हक्क जातो. या अर्जासोबत पशुवैद्यकाचा खर्चाचा दाखला जोडा, नाहीतर रक्कम ठरत नाही आणि संस्था स्वतःच्या खिशातून पोसत बसते.

फोटो-चित्रफितीसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) भरावं लागतं. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत दाबलेली असते, तारीख-वेळेची माहिती गळून जाते आणि हॅशही बदलतो.

---

नवी_निरीक्षक

सगळ्यांचे आभार. आदेशात कलम ३४ आहे, पाहून घेतलं. म्हणजे दावं रुतलेला बैल तपासणीसाठी ताब्यात घेता येईल. बाकी पाचांचं काय? आणि ताब्यात घेतल्यावर पहिल्या दिवशी खायला काय घालायचं? गावातली मुलं पोळ्या आणि गूळ घेऊन तयार आहेत.

---

पांजरपोळ_व्यवस्था यांचं उत्तर

मुलांना आजच थांबवा. महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या जनावराच्या पोटातले जंतू चाऱ्याच्या सवयीचे असतात. अचानक पोळ्या, पीठ, गूळ, भरड गेली की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर एक-दोन दिवसांत आडवं होतं. उपासमारीनंतर एकदम ताकदीचा खुराक दिला तर रक्तातलं फॉस्फरसही झपाट्याने उतरतं. "सोडवून आणलं आणि इथे मेलं" ही वेळ बहुतेकदा प्रेमाने घातलेल्या घमेलंभर आंबोणामुळे येते.

पहिले दोन-तीन दिवस कोरडा कडबा किंवा वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. रोजच्या गरजेच्या निम्म्यापासून सुरुवात करून आठवडाभरात पूर्ण. पेंड आणि भरड त्यानंतर, तीही डॉक्टरांना विचारून. पाणी तहानलेल्याला एकदम बादल्या भरभरून देऊ नका. पाच-सहा लिटर द्या, तासाभराने पुन्हा. खनिज मिश्रण डॉक्टर सांगतील तसं.

ताब्यात घेण्याआधी जागा ठरलेली हवी. मुंबईत परळला जनावरांचं मोठं रुग्णालय आहे. जिल्ह्यात तसं काही नसतं. भेटीच्या आदल्या दिवशीच पांजरपोळाला फोन करून किती जनावरांची जागा आहे हे लेखी घ्या. ओळख पटवायला कानात बिल्ला किंवा चिप. डाग देऊन खूण करायला नियमात मनाई आहे. वाहनात तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या, एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नाहीत, आणि प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला. क्रूरतेच्या केसमधली जनावरं नियम मोडून नेली तर समोरचा वकील तेच आधी विचारतो. जे जनावर उठूच शकत नाही ते ओढत नेऊ नका. १९६२ वर फोन करून फिरतं पथक गोठ्यावर बोलवा.

बाकी पाच? माझं मत, एकटा बैल आणून पाच तिथेच ठेवू नका, जर तिथे आज वैरण नसेल. उलट वैरण आजपासून पडणार असेल तर पाचांना हलवण्यापेक्षा तिथेच ठेवणं जनावरांना सोपं.

---

दावण

इथे मला थोडी भर घालायची आहे. "वैरण आजपासून पडणार" हे मालकाच्या तोंडच्या शब्दांवर ठरवू नका. लेखी सूचना द्या: अमुक किलो वैरण, अमुक लिटर पाणी, रोज दोनदा कोण घालणार त्याचं नाव, रुतलेल्या जखमेवर कोणत्या तारखेपर्यंत उपचार. मालकाची सही घ्या. नाकारली तर "सही करण्यास नकार" असं लिहून पंचांची घ्या. तिसऱ्या दिवशी न सांगता जा, आठव्या दिवशी परत. या सूचनेला कायद्यात वेगळं नाव नाही, पण पुढे "मला माहीतच नव्हतं" म्हणायची वाट बंद होते. आणि ऐपत नसलेल्या पण मनापासून सांभाळणाऱ्या मालकाला नेमकं काय करायचं तेही कळतं.

---

ऊसपट्टा यांचं उत्तर

बैलगाडीचं सांगतो. रस्त्यावर गाडी अडवून डोळ्यांनी "तीन टन असेल" असं लिहू नका. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती मागा. तिच्यात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, तारीख-वेळ आणि गाडीवानाचं किंवा मुकादमाचं नाव असतं. यापेक्षा चांगला पुरावा नाही आणि तो समोरच्याच्याच काट्याचा असतो.

मोजायचं कशाशी, तर १९६५ च्या भारवाहू जनावरांच्या नियमांतल्या तक्त्याशी. दोनशे किलोपर्यंतचा बैल लहान, दोनशे ते साडेतीनशे मध्यम, त्यापुढे मोठा. हवेच्या टायरची दोनचाकी गाडी असेल तर मध्यम बैलाला १,०५० किलो, मोठ्याला १,३५० किलो; जोडीला दुप्पट. लांब, तीव्र चढ असेल तर निम्मं. म्हणून पशुवैद्यांनी वर दिलेला टेपचा हिशेब इथेही लागतो: आधी बैल कोणत्या गटात ते ठरवा, मग पावती बघा. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हेच सगळ्यात जास्त मोडलं जातं. पाठीवरच्या ओझ्याला वेगळी मर्यादा आहे: गाढवाला ५० किलो, तट्टाला ७०, खेचराला २००. वीटभट्टीवर जाल तेव्हा दोन गोण्या ताणकाट्याला लावा, एवढं पुरतं.

भार कमी असूनही बैलाला इजा होऊ शकते. मोळ्या मागे जास्त रचल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलून गळपट्टा नरड्याला आवळतो. पुढे जास्त रचल्या की सगळा भार मानेवर येतो आणि खांदेसूज होते. जू उचलून खाली बघा. ताजी सूज गरम आणि मऊ असते, जुनी कडक गाठीसारखी. सुजलेल्या खांद्याचा बैल जुंपणं हे कलम ११(१) मधलं स्वतंत्र उपकलम आहे, बी. तिथे वजन सिद्ध करायची गरजच नाही. पराणीच्या टोकाला खिळा आहे का, पत्री (खुराची नाल) निसटून खूर रक्ताळलंय का, वेसणीची जखम चिघळलीय का, हेही त्याच वेळी.

कारवाई कुणावर, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. गाडीवान मुकादमाच्या उचलीखाली असतो आणि खेपेमागे टनावर पैसे मिळतात. त्याला पन्नास रुपये दंड झाला तर पुढच्या खेपेला तो दोन मोळ्या वाढवून ते वसूल करेल. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कारखान्याला लेखी पत्र द्या: मर्यादेपेक्षा जास्त भरलेली बैलगाडी काट्यावर आली तर तिची यादी रोज ठेवा, गाडीतळावर पाणी, सावली आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पशुवैद्यक ठेवा. प्रत साखर आयुक्तालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. काट्यावर यादी होतेय म्हटल्यावर फडातच कमी भरलं जातं. इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये धुरीखाली टेकणारं तिसरं चाक तयार केलं होतं, मानेवरचा भार कमी करणारं. असे आधार वापरायला सांगणं हे दंडापेक्षा बैलाच्या मानेला लवकर पोहोचतं.

भरल्या गाडीला भर रस्त्यात मोळ्या उतरवायला लावू नका. जुंपलेले बैल तेवढा वेळ भार घेऊन उन्हात उभे राहतात. आधी बैल सोडा, गाडीला टेकू द्या, मग बाकीचं.

---

नवी_निरीक्षक

एक शेवटचं. उद्या जाईपर्यंत त्यातलं एखादं जनावर मेलेलं असलं तर?

---

पशुवैद्य_तालुका

तर पुरू देऊ नका आणि उन्हात ठेवू नका. शवविच्छेदन जितकं लवकर तितकं चांगलं; उन्हाळ्यात काही तासांतच अवयव ओळखू येईनासे होतात. पोलिसांना पत्र द्या, त्यांच्या विनंतीवरून शासकीय पशुवैद्यक करतील.

उपासमारीचा संशय असेल तर डॉक्टरांना तीन जागा पाहायला सांगा: हृदयाभोवतीची चरबी, मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि मांडीच्या हाडातली मज्जा. धड पोसलेल्या मोठ्या जनावराची मज्जा पांढरट-पिवळी, घट्ट असते. शरीरातला सगळा साठा संपला की ती लालसर, पाणचट, जेलीसारखी होते. मज्जेतली चरबी सगळ्यात शेवटी वापरली जाते, म्हणून हे चिन्ह वजनदार. मांडीचं हाड न फोडता, हवाबंद पिशवीत, थंड ठेवून पाठवा. उघडं राहिलं तर मज्जा सुकते आणि तपासणीत चरबी जास्त असल्यासारखी दिसते.

विषाचा संशय असेल तर जठरातलं द्रव्य, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. फॉर्मॅलिन घालू नका, त्याने विषाची तपासणी बिघडते. नुसत्या मिठाच्या द्रावणाची एक बरणी सोबत द्या, म्हणजे ते शुद्ध होतं हे दाखवता येतं. प्रत्येक बरणीवर सील, सीलचा नमुना पत्रावर, आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपर्यंत बरणी कुणाच्या हातून कुणाच्या हातात किती वाजता गेली याची नोंद. ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी असेल तर तेवढाच छोटा तुकडा वेगळ्या बरणीत दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. दोन्ही बरण्यांची लेबलं उलटसुलट झाली तर दोन्ही नमुने वाया जातात, म्हणून लेबल भरण्याआधी चिकटवा.

मेलेल्या जनावराचा बिल्ला कान कापून नेऊ नका. कानासकट फोटो घ्या, मग डॉक्टरांनी काढून सीलबंद करावा. आणि उरलेल्या पाचांकडे आधी बघा. त्यांना पाणी मिळालं की नाही हे शवविच्छेदनाआधी.